डावीकडची काकी

माझ्या आईला वेड लागलेलं नाही, तिला माज आलेला नाही आणि ती नाटकंही करत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण शिमग्यापासून हेच ऐकून माझे कान किटलेत. बाजारातल्या बायका म्हणायच्या, रखमाला माज आलाय. माझा भाऊ प्रितम म्हणायचा, आई नाटकं करते. आणि बिल्डिंगमधल्या शहाण्या बायका कानाजवळ बोट गोल फिरवून एकमेकींना दाखवायच्या, माझ्यासमोर! मी शेफाली, रखमाची पोरगी. तोंडाने फटकळ, हे प्रभादेवीपासून दादरपर्यंत कुणालाही विचारा. पण या वेळी माझा फटकळपणासुद्धा कमी पडला.

आई मासळी बाजारात बसते. लग्न होऊन आली तेव्हा आजीच्या मागे बसायची, आजी गेल्यावर तिच्या जागी. ओट्याच्या अगदी टोकाची जागा तिची. उजव्या हाताला खांब, खांबापलीकडे गटार आणि भिंत. डाव्या हाताला चांगुणा काकी, म्हणजे माझ्या बाबांच्या धाकट्या भावाची बायको, आईची जाऊ. दोघींच्या मध्ये ओट्यावर एक निळी रेघ. रेघेच्या अलीकडे आईचा म्हावरा, म्हणजे मासळी, पलीकडे काकीचा.

ती रेघ साधीसुधी समजू नका. पाण्याने, बर्फाने, घासून घासून ती वर्षभरात पुसट होते, म्हणून नारळी पौर्णिमेच्या आधी सगळ्या ओट्यांवरच्या रेघा नव्याने रंगवतात. बाजारातली सगळ्यात जुनी बाई म्हणजे रमाबाई. रंगाचा डबा तिच्या हातात. जिचा माल जिथपर्यंत पसरलाय तिथपर्यंत तिची जागा. शेजारणीचा माल आपल्या हद्दीत आला आणि आपण तोंड उघडलं नाही, तर जागा दिली असं धरतात. आणि बोलायचं ते जिची जागा तिनेच. मुलीने नाही, सुनेने नाही, नवऱ्याने तर नाहीच. बायकांचा हा कायदा आजीच्या आधीपासूनचा आहे आणि आजवर त्याने भांडणंही मिटली आहेत. या वर्षी मात्र त्याच कायद्याने माझ्या आईचा गळा धरला.

आई आणि काकीमध्ये अबोला होता. काकीच्या मुलीच्या हळदीत मोठी जाऊ म्हणून पहिली हळद लावायचा मान आईचा. काकीने तो आपल्या माहेरच्या बाईला दिला. आई मांडवातून न जेवता उठली, आणि तेव्हापासून दोघी मांडीला मांडी लावून बसतात पण शब्द बोलत नाहीत. बर्फ हवा असेल तर तिसरीकडून मागवतात. गिऱ्हाईक एकीकडून उठून दुसरीकडे गेलं तर दोघी वेगवेगळ्या दिशेला बघून शिव्या घालतात. माझे बाबा वारले तेव्हा काकी आली, रडली, आईला शिवली नाही. एवढा कडक अबोला.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात आई मोरीत पडली. तोंड वाकडं झालेलं, डावा हात लुळा. जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. डोक्यात उजव्या बाजूला गुठळी अडकली म्हणाले. औषधं झाली, सलाइनं झाली. तोंड सरळ झालं, हात हलायला लागला, पाय चालायला लागला. डॉक्टरने घरी सोडताना तिला हात वर करायला लावला, पाय उचलायला लावला, जीभ बाहेर काढायला लावली, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "फर्स्ट क्लास! काही नाही राहिलेलं. बसवा बाजारात, मन रमेल." मी मूर्खासारखी त्याला पेढे दिले. आता तो समोर आला तर ते पेढे परत मागेन.

बाजारात पहिल्या दिवशी मीच तिला घेऊन गेले. परळच्या कुरिअर ऑफिसात मी काम करते, म्हणून सकाळी तिला बसवायचं, माल लावून द्यायचा आणि पळायचं, असं ठरवलेलं. आई बसली, सगळ्यांनी हात हलवले. आणि मग जे कुणालाच अपेक्षित नव्हतं ते झालं. काकीने चहावाल्याकडून कटिंग घेतला, रेघेपलीकडून हात लांब करून आईच्या डाव्या गुडघ्यापाशी ठेवला आणि हळूच म्हणाली, "रखमे, बरी हायस ना गो?"

सगळा बाजार वळून बघायला लागला. एवढ्या वर्षांचा अबोला धाकटीने मोडलेला.

आईने मान वर केली. उजवीकडे वळवली. खांबाकडे बघून म्हणाली, "हां, बरी हाय." आणि परत मांदेली नीट करायला लागली. चहाला हात लावला नाही. ग्लास गार झाला, त्यात माशी पडली, तरी आईने तिकडे बघितलं नाही.

काकीचं तोंड उतरलं. मग लाल झालं. "खांबाला उत्तर देते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी खांबापेक्षा हलकी काय?" त्या दिवशी मलासुद्धा आईचाच राग आला. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, मरता मरता वाचली तरी हिचा ताठा गेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकीचे बांगडे रेघ ओलांडायला लागले. आधी शेपट्या. मग अख्खे मासे. मग एक पाटी, मग बर्फाचा ढीग. आई स्वतःच्या मालाचे वाटे खांबाच्या बाजूला दाटीवाटीने लावायची आणि डाव्या बाजूचा अर्धा ओटा मोकळा सोडायची. तो मोकळा ओटा काकीने भरून टाकला. आणि आई काही बोलली नाही! कधीकाळी काकीची एक कोलंबी घसरून रेघेवर आली तर जिने आरडाओरडा करून बाजार डोक्यावर घेतला होता, ती माझी आई बाजूला अर्धी जागा जात असताना शांतपणे गिऱ्हाइकाशी भाव करत होती.

मी काकीच्या अंगावर गेले. "काकी, माल मागे घे. लाज नाही वाटत? आजारी बाईची जागा खातेस?"

"आयस समोर बसलीय ना तुझी?" काकी शांत होती, त्यानेच मला जास्त चीड आली. "तिला तोंड नाय? ती एकदा बोलू दे. रात्रीतून उचलते सगळा."

मी आईला म्हणाले, "बोल ना! तुझ्या डोळ्यांसमोर चाललंय!"

आईने ओट्याकडे बघितलं. "काय चाललंय? माझा ओटा पुरा हाय माझ्याकडं. सकाळ सकाळ काय भांडण काढतेस गो?"

मी तिथेच, बाजारात, आईवर ओरडले. "घाबरतेस काय तिला?" असंही म्हणाले. आईचे डोळे भरले. मी तशीच ऑफिसला पळाले.

आणि हे घरीपण सुरू होतं. आई केस विंचरायची ते उजव्या बाजूचे, डावी बाजू गुंतलेली तशीच. पोलक्याची डावी बाही कधी कधी खाली लोंबायची. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायची, काळानिळा झालेला, आणि विचारलं तर म्हणायची, दार कुणी सरकवलं? प्रितम वैतागायचा. "नाटकं आहेत सगळी. लक्ष वेधून घ्यायचंय. जागा सोडून दे म्हणावं, घरी बस."

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "प्रितमला सगळे बोंबील वाढलेस. मना एक नाय."

ताटात डाव्या बाजूला तीन बोंबील तळलेले पडलेले. भातसुद्धा मधोमध कापल्यासारखा, उजवा खाल्लेला, डावा तसाच. माझं डोकं सटकलं. "हे काय आहे मग? माझं डोकं आहे?" असं म्हणून मी ताट उचलून तिच्यासमोर आदळलं. आदळताना ताट फिरलं, बोंबील उजवीकडे आले. आई खाली बघून म्हणाली, "आता आणलेस होय? आधी द्यायला काय झालेलं?" आणि खायला लागली.

मग मी ताट परत फिरवलं. आईने हात मागे घेतला. "संपले," म्हणाली. अजून दीड बोंबील ताटात होता, तिच्या डाव्या मनगटाच्या शेजारी.

आईला दिसत नव्हतं असं नाही. त्याच बाजूने झुरळ पळालं असतं तर तिने चप्पल मारली असती, असं मला वाटत होतं. पण ती त्या बाजूला जातच नव्हती. प्रितमने बघितलं, त्याचाही घास तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि तिला परळच्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये नेलं. दुपारपर्यंत लायनीत. शेवटी मृणालिनी नावाची डॉक्टर भेटली, माझ्याच वयाची, डोळ्यांखाली काळं, पण बोलायला नीट. तिने डोळे तपासले. डोळे ठीक होते. मग तिने आईला कागद दिला आणि म्हणाली, "मावशी, एक मासा काढा."

आईला हसू आलं. मासा काढायला सांगताय मला? तिने पेन घेतलं. उजवीकडे डोकं काढलं, डोळा काढला, कल्ला काढला. आणि थांबली. कागद परत दिला. आयुष्यभर मासे कापणाऱ्या माझ्या आईने अर्धा मासा काढला होता.

"शेपूट?" मी विचारलं.

"काढली की," आई म्हणाली.

मी तिथे रडले. रागाने रडले. डॉक्टरने मला बाहेर नेलं आणि समजावलं. म्हणाली, "डोळ्यांचं काही नाही, मनाचंही नाही. मेंदूचा उजवा भाग आपलं लक्ष डावीकडे नेतो. तो दुखावला की डावी बाजू माणसाच्या हिशेबातूनच जाते. ताटातली, अंगावरची, रस्त्यावरची. तिकडून हाक आली तर कधी कधी उजवीकडून आल्यासारखी वाटते. आणि काही गेलंय हेही त्यांना कळत नाही, कारण त्यांच्या लेखी सगळं पुरं आहे. त्या खोटं बोलत नाहीयेत."

खांब! मला खांब आठवला. "हां, बरी हाय." आईने काकीलाच उत्तर दिलं होतं. फक्त हाक तिला खांबाकडून आली होती.

"मग आधीच्या डॉक्टरला हे का नाही कळलं?" मी एवढ्या जोरात विचारलं की वॉर्डबॉय बघायला लागला.

"हातपाय चालले की पुष्कळ जण तिथेच थांबतात," ती म्हणाली. "चूक आहे. पण होतं."

होतं म्हणे! माझ्या आईला बाजाराने मुजोर ठरवली, पोराने नाटकी ठरवली, पोरीने चारचौघांत घाबरट म्हटलं, आणि काय, तर होतं!

उपाय काय, तर डॉक्टर म्हणाली, डाव्या कडेला लाल पट्टी लावा. ताटाच्या, ओट्याच्या, दाराच्या. काहीही करायच्या आधी लाल पट्टी शोधायची सवय लावा. आणि माणूस हवं. तिने आईसमोर उजवीकडे बोट धरलं, आईची नजर बोटावर पडली, मग ते बोट बोलत बोलत हळूहळू डावीकडे नेलं. आईची मान त्याच्यामागे वळली, वळली, आणि डाव्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून आई म्हणाली, "हे आता लावलं?"

"असं," डॉक्टर म्हणाली. "उजवीकडून पकडायचं आणि ओढत डावीकडे न्यायचं. दिवसभर. डाव्या हाताला कुणीतरी बोलणारं, हाका मारणारं, पिच्छा न सोडणारं बसलेलं असेल तर फार बरं. महिने लागतील. काही परत येईल, काही येणार नाही. त्यांच्या डावीकडे कोण बसतं?"

मी एवढी हसले की डॉक्टर घाबरली. कडवट हसू होतं ते.

लाल पट्टी मी दुसऱ्याच दिवशी पहाटे लावली, ओट्याच्या डाव्या कडेला, जुन्या रेघेला लागून. संध्याकाळी येऊन बघते तर पट्टीवर बर्फ, बर्फावर काकीचे बांगडे. आई खांबाकडे तोंड करून बसलेली. मी तो बर्फ हाताने खरडून काकीच्या बाजूला फेकला. काकीने तो परत लोटला. बायका मजा बघत होत्या.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की आईच्या मेंदूला इजा झाली आहे. पण सांगता येत नव्हतं. प्रितमने या एका बाबतीत बरोबर सांगितलं होतं: डोक्याचा आजार म्हटलं की रमाबाई म्हणेल, डोकं ठिकाणावर नसलेली बाई कोयता घेऊन गिऱ्हाइकासमोर कशी बसणार? मग अर्धी नाही, सगळीच जागा जाईल. कोयता मी केव्हाच घरी लपवला होता, आईची डावी बोटं तिच्याच कोयत्याखाली येतील या भीतीने. बाजारात सांगितलं होतं, मनगट दुखतंय. म्हणजे बोलले तरी जागा जाणार, नाही बोलले तरी जाणार. आणि बाजारातून उठली तर आई जगणार नाही, हे मला माहीत होतं. घरी टीव्हीसमोर बसवली की ती दोन दिवसांत कोमेजते. बाजारात अर्ध्या ओट्यावरसुद्धा ती भाव करते, हसते, गिऱ्हाइकाला टोमणे मारते. तिथे ती रखमा असते.

पौर्णिमा जवळ आली तशी मी एका संध्याकाळी काकीच्या घरी गेले. विनवायला नाही. मला विनवणी जमत नाही. दारातच उभी राहून सगळं सांगितलं. मासा, ताट, बोंबील, डॉक्टरचं बोट. शेवटी म्हणाले, "तुझ्या चहाला आईने पाठ दाखवली नाही, काकी. तिच्यासाठी तो चहा तिथे नव्हताच. तूपण नव्हतीस. आता तुझा म्हावरा काढ आणि तोंड उघड. एरवी तुझं तोंड बंद नसतं, आता डॉक्टरने लिहून दिलंय तर गप्प बसतेस!"

काकी मसाला कुटत होती. मुसळ थांबलं. "खांबाला बोलली ती मलाच होती?"

"तुलाच!"

तिने उखळातला मसाला बोटाने वरखाली केला. मग म्हणाली, "असा कुठं आजार असतो? अर्धा जग नाय दिसत? तिनं मना आयुष्यभर अशीच पाठ दाखवली, तेव्हा कुठला आजार होता?" आणि मुसळ परत उचललं. "जा तू. रमाबाई रंग घेऊन येईल, तेव्हा बघू."

मी तिच्या उंबऱ्यावर थुंकायचंच बाकी ठेवलं. रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या. दुश्मनाच्या हातात आपणच कोयता दिला, अशी माझी अवस्था. आता ही रमाबाईला सांगणार, रखमाचं डोकं गेलंय.

रेघा रंगवायच्या दिवशी बाजार धुवून काढला होता. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, वेण्या माळून आलेल्या. आईनेही माळली होती, मीच माळून दिली, डाव्या बाजूला नीट. रमाबाई एका टोकापासून रंगवत रंगवत आली, कमरेत वाकलेली, हातात ब्रश. प्रत्येक ओट्याशी थांबून विचारायची, बाई हो म्हणायची, रेघ पडायची. मी आईच्या मागे उभी होते आणि मला बोलायची परवानगी नव्हती.

रमाबाई आमच्याकडे आली. काकीचे बांगडे अर्ध्याच्याही पुढे आलेले. लाल पट्टी त्यांच्याखाली कुठेतरी गाडलेली.

"रखमा," रमाबाई म्हणाली, "तुझी जागा कुठपर्यंत?"

आईने आपल्या चिमुकल्या वाट्यांवरून हात फिरवला. "ही काय. पुरी हाय."

बायकांमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "दिलीन जागा." रमाबाईने ब्रश रंगात बुडवला. माझ्या तोंडून आवाज फुटणार एवढ्यात काकी उठली.

काकी कुणाकडे न बघता ओट्यावरून उतरली, सगळ्यांच्या पुढून चालत गेली आणि खांबापाशी, आईच्या उजव्या हाताला, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिथे कधी कुणी उभं राहत नाही, गटार आहे.

"रखमे!"

आईने मान वर केली. काकीला बघितलं. आईचा चेहरा असा झाला की मी विसरणार नाही.

"चांगुणा?" आई म्हणाली. आणि मग माझी आई फुटली. "आता आलीस काय गो तू? मी मरायला टेकलेली, तेव्हा कुठं मेली होतीस? तुझी जागा रिकामी ठेवून कुठं उलथली होतीस इतके दिवस? एक दिवस बघायला नाय आलीस! अबोला होता म्हणून काय झाला, जाऊ ना मी तुझी? मी रोज वाट बघते, आज येईल, उद्या येईल!"

इतके महिने हातभर अंतरावर बसून बांगडे विकणाऱ्या बाईला आई हे विचारत होती.

काकीने पदराचं टोक हातात धरलं. मला वाटलं, आता ही रडणार आणि सगळं वाया जाणार. रडून आईची मान वळणार नव्हती! "काकी!" मी एवढंच म्हणाले.

काकीने पदराने नाक पुसलं आणि तोंड सोडलं. "मी नाय आले? मी? अगो, हळदीचा मान तुना नाय दिला तो बरा केला! तुझं नाक एवढं वर, तुना खालचा काय दिसणार?" बोलता बोलता ती एक पाऊल सरकली. आईच्या समोर आली. आईची नजर तिच्यावर खिळलेली. "कजाग तोंड तुझं! मांडवातून उपाशी उठलीस, माझ्या पोरीच्या ताटावरून!" आणखी एक पाऊल. आईची मान तिच्यामागे. "तुझ्या हातानं हळद लागली नाय म्हणून माझी पोर रडली, ठाव हाय तुना?"

"मग बोलवायची होतीस!" आई ओरडली. "एकदा तरी बोलवायची होतीस!"

"बोलवला! चहा देऊन बोलवला! ये, हिकडं बघ, माझ्या तोंडाकडं बघ!" काकी भांडत भांडत मागे मागे जात होती, गिऱ्हाइकांच्या जागेवरून, डॉक्टरच्या बोटासारखी, आणि आईची मान वळत होती, खांबावरून समोर, समोरून डावीकडे, गळ्याची शीर ताठ झालेली. काकी आपल्या जागेपाशी पोचली आणि तिने दोन्ही हातांनी बांगड्यांच्या ढिगावर थाप मारली. बर्फ उडाला.

आईने खाली बघितलं.

"हा कुणाचा म्हावरा?" तिचा आवाज अगदी खाली आला. मग वर चढला, आजीच्या वेळचा, रेघेवर कोलंबी आली तेव्हाचा आवाज. "माझ्या ओट्यावर हा कुणाचा म्हावरा? चांगुणे! पाठ वळली नाय तर जागेत घुसलीस? उचल! उचल सगळा, नायतर गटारात फेकते!"

"ऐकलास रमाबाई?" काकी म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती बांगडे ओंजळीने मागे ओढत होती. "बोलली ती. जिची जागा ती बोलली."

बांगड्यांखालून माझी लाल पट्टी निघाली. रमाबाईने माझ्याकडे एकदा बघितलं, आईकडे एकदा बघितलं. तिला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. ती काही बोलली नाही. वाकली आणि पट्टीला लागून, जुन्या जागीच, निळी रेघ ओढून पुढच्या ओट्याकडे गेली.

मी खाली बसले. मला वाटलं, जिंकलो. आई बरी झाली. मी वेडी.

आईने पदराने घाम पुसला, मांदेलीचा वाटा नीट केला. मान हळूहळू परत खांबाकडे गेली. तिने खांबाच्या बाजूला बघितलं, समोर बघितलं, आणि मला विचारलं, "चांगुणा गेली काय गो? आताच आलेली, लगेच गेली?"

काकी तिच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर बसली होती. तिने ऐकलं. मला वाटलं आता ही कोसळेल. तिने ढिगातला एक बांगडा उचलला आणि ओल्या रेघेवर असा ठेवला की शेपूट पुरती आईच्या हद्दीत गेली. मग उठली, परत गटारापाशी खांबाला जाऊन उभी राहिली आणि बसलेल्या घशाने ओरडली, "रखमे! बघ, परत घुसले तुझ्या जागेत!"

आईने तिच्याकडे बघितलं आणि तिची मान काकीमागोमाग डावीकडे वळायला लागली.